शाकारणी: मिशनघराच्या पन्नासाव्या वर्षाच्या कामनोंदी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

रात्रीच्या जेवणानंतर घराची बैठक झाली. १३ जूनला, संत अंतोनीच्या सणाला, आमच्या मिशनघराला पन्नास वर्षे होतात. पहिले फादर इथे राहायला आले तो १३ जून १९७५ शुक्रवार होता. यंदाचाही शुक्रवारच आहे. दोन फादर, मी एक ब्रदर, शेजारच्या कॉन्व्हेंटात चार सिस्टर आणि वसतिगृहातली एकतीस मुले, एवढे आमचे कुटुंब. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेचे.

कामे वाटून घेतली. धाकटे फादर उपासना आणि गायन बघणार. सिस्टरांनी घरोघरी बोलावणे आणि मुलांचा कार्यक्रम घेतला. माझ्याकडे तीन कामे आली: चॅपेलचे छप्पर, जुन्या वह्या-फोटोंचे छोटे प्रदर्शन आणि जेवण. एकाने सुचवले की बेळगावहून मोठा मंडप, स्टेज, लाइट आणावेत. मी विरोध केला. गेल्या पावसाळ्यात मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, चालू असताना वेदीच्या डाव्या अंगाला बादली ठेवावी लागत होती. पन्नास वर्षे ज्या छपराखाली प्रार्थना झाली ते गळते ठेवून मंडपावर पैसे घालणे मला पटेना. थोरल्या फादरांनी ऐकून घेतले. म्हणाले, "मग मृगाच्या आधी शाकारणी पुरी करायची जबाबदारी तुमची, ब्रदर." मी हो म्हटले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मेस्त्रींना घेऊन वर चढलो. यांच्या वडिलांनीच ही कैची बसवली होती. वासे नाणा लाकडाचे आहेत, ते शाबूत. रिपा, म्हणजे कौले ज्यांवर बसतात त्या पट्ट्या, जवळपास सगळ्या किडलेल्या. आढ्याच्या मधल्या तुकड्यात बोट दाबले तर आत गेले. मेस्त्री काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

एका कोपऱ्यात वटवाघळे आहेत. वसतिगृहातल्या मुलांनी विचारले, ही बारापेडेच्या गुहेतली का? भीमगडच्या रानातल्या त्या गुहांत राटनचे वटवाघूळ राहते, जगात फार थोड्या ठिकाणी आढळणारे, आणि शाळेत त्यांना ते शिकवले आहे. आमची साधीच आहेत. पण ती आपणहून जातील असे संध्याकाळी एकेक भोक बुजवत न्यायचे ठरवले, धूर करायचा नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मापे घेतली. वळचणी धरून लांबी ६४ फूट, एका पाख्याची, म्हणजे छपराच्या एका उताराची, उतरती बाजू १६ फूट. दोन्ही पाखी मिळून २,०५० चौरस फुटांच्या आसपास. मंगलोरी कौले १०० चौरस फुटाला दीडशे लागतात, म्हणजे एकूण ३,१०० धरायची. शिवाय आढ्यावरची कोने पन्नास.

नमुन्याला शंभर कौले उतरवून बोटाच्या पेराने वाजवली. पक्के कौल खणकन वाजते, तडा गेलेले भद्द आवाज देते. ६३ पास झाली. हाच हिशेब धरला तर साडेअकराशे कौले नवी हवीत.

आणि नवी कौले मिळत नाहीत. खानापूरची माती कौलांसाठी नावाजलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थाही इथेच आहे. तरी आता घरोघर स्लॅब पडतो, कौलांना गिऱ्हाईक नाही म्हणून भट्ट्या विटांकडे वळल्या. एका व्यापाऱ्याने एप्रिलच्या सुरुवातीला देतो म्हणून आगाऊ रक्कम घेतली आहे.

५ मार्च, भस्म बुधवार

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या वाळलेल्या झावळ्या जाळून राख केली. सकाळच्या मिस्सेत कपाळाला लावली. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील" हे शब्द मी दरवर्षी ऐकतो. यंदा हातांना आधीच कौलांची लाल माती लागलेली होती.

पुढे कोणी ही वही वाचली तर आमचा दिवस कसा जातो ते कळावे म्हणून लिहून ठेवतो. पहाटे पाचला उठणे, सव्वापाचला ध्यान, मग सकाळची प्रार्थना, सहाला आंजेलची (मारियेच्या प्रार्थनेची) घंटा आणि मिस्सा. त्यानंतर मी गोठ्यात, तीन म्हशी आणि एक गाय. सातला मुलांची पेज आणि चटणी. नऊला मुले शाळेला जातात, काही मराठी माध्यमाच्या, काही कन्नडच्या. दहा ते बारा छपराचे काम. बाराला पुन्हा आंजेल. दुपारी दोनपासून शेत किंवा बाजार. संध्याकाळी सहाला तिसरी घंटा, सातला मुलांबरोबर रोझरी. ती एक दिवस मराठीत, एक दिवस कोंकणीत, एक दिवस कन्नडमध्ये. साडेआठला जेवण, मग घराची रोजनिशी, मग झोप.

मेस्त्री हिंदू आहेत, माळकरी. पण बाराची घंटा सुरू झाली की हातोडा खाली ठेवतात आणि ती संपेपर्यंत ठोकत नाहीत. आज विचारले. म्हणाले, "आमच्या बाबानी कधी ठोकलं न्हाई, म्हणून मी बी न्हाई."

१२ मार्च, बुधवार

प्रदर्शनासाठी लाकडी कपाट उघडले. फोटो थोडे आहेत, बहुतेक बुरशी लागलेले. वह्या मात्र नीट आहेत.

हा मुलूख पूर्वी गोव्याच्या महाधर्मप्रांतात होता. बेळगाव धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ ला झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरला जोडला गेला. आमच्या घराच्या वह्या १९७५ पासूनच्या, पण भाषांचा हा सगळा प्रवास त्यांत उतरलेला दिसतो. रकान्यांची छापील नावे लॅटिन, पहिल्या फादरांचे शेरे इंग्रजीत, मधेच पोर्तुगीज वळणाची कोंकणी रोमी अक्षरांत, ८० नंतर मराठी, अलीकडे कन्नड आणि इंग्रजी.

बाप्तिस्म्याच्या वहीत एक समास मोकळा असतो. त्या मुलाचे पुढे लग्न कुठे झाले, कोणी संन्यास घेतला, तर तिथून कळवतात आणि ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी लिहायचे असते. चर्चच्या कायद्यातच ते आहे. सबंध दुपार मी फक्त ते समास वाचत बसलो. वास्को, पुणे, मुंबई, बेळगाव कॅम्प, पुन्हा पुणे. एक कुवेतचे. आपल्या गावात किती माणसे राहिली नाहीत हे जनगणनेपेक्षा त्या समासांतून जास्त कळते. वही प्रदर्शनात मांडायची नाही. त्यात लोकांचे खासगी आहे. गावांच्या नावांचा एक नकाशा करून लावू, नावे न घालता.

२० मार्च, गुरुवार

त्याच कपाटात खालच्या फळीवर उसनवारीची वही सापडली. १९८३ ते १९९१. आषाढात घरातले भात संपले की लोक मिशनमधून नेत, सुगी झाल्यावर तेवढेच परत देत. वाढी नाही. पायल्यांचा हिशेब. परत आले की ओळ खोडलेली. ४७ ओळी न खोडलेल्या आहेत.

फादरांना दाखवली. ते बराच वेळ पाने उलटत होते. मग बायबल काढून लेवीय पुस्तकाचा २५ वा अध्याय वाचला: पन्नासावे वर्ष पवित्र माना, शिंग फुंका, ज्याची जमीन त्याला परत मिळू द्या, ज्याने त्याने आपल्या कुटुंबात परत जावे. ज्युबिली हा शब्दच मुळी त्या मेंढ्याच्या शिंगाच्या हिब्रू नावावरून आला. २४ डिसेंबरला पोप फ्रान्सिसनी रोममध्ये पवित्र दार उघडून या वर्षाची ज्युबिली सुरू केली तेव्हा आम्ही टीव्हीवर पाहिले होते. पण आपल्या कपाटात त्या अध्यायाचे काम पडून आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

धाकट्या फादरांना वाटत होते की ही वही प्रदर्शनात ठेवावी, मिशनने किती मदत केली ते दिसेल. मी आणि सिस्टर सुपीरियर दोघांनीही नको म्हटले. त्यात आडनावे आहेत. कुणाचा तरी नातू सगळ्यांसमोर आजोबांचे कर्ज वाचेल. ठरले ते असे: सणाच्या आदल्या रात्री आम्हीच घरात बसून ४७ ओळी खोडायच्या, वही मिटवायची आणि कुणाला काही सांगायचे नाही.

२ एप्रिल, बुधवार

व्यापाऱ्याने कौले देता येणार नाहीत असे कळवले. दीड महिना झुलवत ठेवले. आगाऊ रक्कम परत मिळाली, पण वेळ गेला.

मेस्त्री दुपारी म्हणाले, "तुमी नव्या कौलांच्या मागं कशाला लागलासा? गावात जुन्या घरांची कौलं पडून हाईत की." मी म्हटले, विकत देतील का? ते म्हणाले, "इचारून तरी बघतो."

५ एप्रिल, शनिवार

सकाळी म्हशींचे दूध काढत होतो, ट्रॅक्टर आत आला. वरच्या वाड्यातले आबा. मागे ट्रॉलीत दोनशे कौले, गवताच्या थरांत नीट बसवलेली. पोराने स्लॅब घातला तेव्हापासून परड्यात रचलेली होती. पैसे विचारले तर म्हणाले, "माझी पोरं हितंच शिकली न्हवं? डिझेलचं तेवढं द्या." डिझेलचेही नंतर घेतले नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार

आठवडाभरात ९४० कौले जमली. गवळीवाड्यातून डोक्यावरून आणलेली, रिक्षातून आलेली, एका मुस्लिम घराच्या पाडलेल्या पडवीची, देवळाच्या धर्मशाळेची उरलेली. मी प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवला आहे.

आता अडचण अशी की एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात बसत नाही. खाचेचे माप दोन-तीन सुतांनी इकडे-तिकडे असते. जोर लावून बसवले तर पहिल्या वाऱ्यात उचलते. कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो, त्यावरून गट लावायचे. मुलांना सुट्टीचे हेच काम दिले. कौल उलटे करायचे, छाप वाचायचा, वाजवायचे, त्या-त्या रांगेत उभे ठेवायचे. एकोणीस प्रकारचे छाप निघाले.

त्यांत २२ कौले बासेल मिशनची निघाली. जर्मन-स्विस प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथूनच मंगलोरी हे नाव पडले. छापात १८६५ लिहिलेले असते म्हणून मुलांना वाटले कौलच १६० वर्षांचे. ते कारखान्याच्या स्थापनेचे साल आहे, कौल नंतरचे असू शकते, हे समजावले. त्याच मिशनची माणसे धारवाड-हुबळीला होती, कन्नड शब्दकोश करणारे किटेल त्यांच्यातलेच. ही २२ कौले मी वेदीच्या बरोबर वर घालणार आहे. एका काळी आम्हा कॅथलिकांचे आणि प्रोटेस्टंटांचे मिशनरी एकमेकांच्या दारात उभे राहत नसत.

२० एप्रिल, पासखाचा (ईस्टरचा) रविवार

पवित्र सप्ताहात काम बंद होते. गुरुवारच्या ग्लोरिया स्तोत्रापासून घंटा मुकी असते, तिच्या जागी लाकडी मात्राक वाजवतात. ते वसतिगृहातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) मुलांपैकी थोरल्याला दिले होते. काल रात्री घंटा परत वाजली तेव्हा कोंबडासुद्धा आरवला.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी जेवायला बसलो होतो. सव्वाच्या सुमारास सिस्टर कॉन्व्हेंटातून पळत आल्या. पोप फ्रान्सिस गेले. कालच त्यांना बाल्कनीत आशीर्वाद देताना पाहिले होते. ताटे तशीच राहिली. मी जाऊन घंटा धरली, एकेक टोला, मधे लांब थांबा.

संध्याकाळी मेस्त्री आणि आबा आले, व्हरांड्यात बसले. आबांनी विचारले, "तुमचं मोठं स्वामी गेलं म्हणं?" कुणीतरी मेल्यावर घरी येऊन बसायचे असते तसे ते आले होते. चहा घेतला नाही.

२६ एप्रिल, शनिवार

अंत्यविधी दीडपासून टीव्हीवर, मुलांसह. साधी लाकडी पेटी. नऊ दिवसांच्या शोकात सणाच्या गाण्यांचा सराव ठेवायचा नाही असे ठरले. छपराचे काम चालू ठेवायला फादरांनी सांगितले.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया, बसवजयंती. इकडची पारंपरिक शिवजयंतीही कालच झाली. कामगार बेळगावला, चार दिवस येणार नाहीत. मी आणि मुलांनी पश्चिमेचे पाखे उतरवायला घेतले.

५ मे, सोमवार

आज मी एक निर्णय घेतला आणि तो चुकीचा ठरला तर दोष माझाच म्हणून लिहून ठेवतो. आढ्याचा कुजलेला तुकडा बदलायचा तर दोन्ही बाजूंचे वासे मोकळे करावे लागतात. मेस्त्री म्हणत होते एका वेळी एकच पाखे उघडा, आढ्याला खालून टेकू देऊन भागवू. मला वाटले टेकूवर उभे राहून काम करणे धोक्याचे आहे, शिवाय मृगाला महिना आहे. पूर्वेचे पाखेही उघडले. चॅपेल आता वरून आभाळाला मोकळे. रात्री आत गेलो तर वेदीवर चांदणे पडले होते.

८ मे, गुरुवार

रात्री ९.३७ ला पांढरा धूर. नवे पोप, लिओ चौदावे. पेरूमध्ये अनेक वर्षे मिशनरी म्हणून राहिलेले आहेत हे ऐकून थोरले फादर उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः उमेदीची अकरा वर्षे एका डोंगरी गावात काढली, जिथे पावसाळ्यात चार महिने बस येत नसे.

१५ मे, गुरुवार

संत इसिदोर, शेतकऱ्यांचा संत. १६२२ साली १२ मार्चला रोममध्ये ज्या पाच जणांना एकदम संतपद मिळाले त्यांत संत फ्रान्सिस झेवियर, इग्नेशियस यांच्या रांगेत हा माद्रिदचा शेतगडी होता. दरवर्षी आज लोक भाताचे बी आशीर्वादासाठी आणतात. यंदा आकाशाखालीच मिस्सा झाली. टोपल्यांत इंद्रायणी, दोडगा, थोडी बासमती. सगळ्यांची धूळवाफ पेरणीची घाई. कोरड्या जमिनीत बी टाकून रोहिणी-मृगाची वाट बघायची, ही आमच्याकडची रीत.

नवे आढे चढले. सागाचे. पश्चिमेच्या रिपा पुऱ्या. साडेबारा इंचांवर एक.

१९ मे, सोमवार

दुपारी तीनला ढग भरून आले. पाऊस झाला, अर्धा तास. वळीव म्हणून सोडून दिले. पश्चिमेवर खालच्या सहा ओळी बसल्या.

२० मे, मंगळवार

वळीव नाही. काल रात्री दहापासून सतत. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा होतो आहे असे रेडिओवर सांगतात. मे महिन्यात असा पाऊस आबांनीही पाहिलेला नाही, आणि ते ७८ वर्षांचे आहेत.

पहाटे साडेतीनला घंटा वाजवली. फादर, सिस्टर, मुले, सगळे आले. पवित्र साक्रामेंत (मिस्सेत आशीर्वादलेली भाकर) थोरल्या फादरांनी कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये नेले. आम्ही मारियेची मूर्ती, संत अंतोनी, हार्मोनियम, बाके वसतिगृहात आणली. भिंती चिऱ्याच्या, त्यांना पाण्याचे भय नाही. पण वेदीमागचा लाकडी मखर पहिल्या फादरांच्या वेळचा. त्याच्यावर घरातल्या तीन सतरंज्या आणि गादीचे प्लॅस्टिक टाकले. मला बोलता येत नव्हते. कुणी मला काही म्हटले नाही, त्याने जास्त लागले.

सकाळी सातला मेस्त्री आले, डोक्यावर इरले. त्यांनी "मी सांगितलं होतं" असे म्हटले नाही. "ताडपत्र्या किती हाईत?" एवढेच विचारले.

२१ मे, बुधवार

उसाच्या ट्रकच्या चार ताडपत्र्या, लग्नाच्या मंडपाची एक, आबांच्या गंजीवरची एक. तरी वारा आत शिरून उचलतो. दोरखंड बांधून रात्रभर आळीपाळीने जागलो.

२४ मे, शनिवार

हवामान खात्याने जाहीर केले, केरळात मान्सून आला, आठ दिवस आधी. २००९ नंतर इतक्या लवकर आला नव्हता. समुद्रातले वादळी क्षेत्र आज रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर आले. म्हणजे आता उघडीप मिळेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. पावसातच कौले चढवायची.

पण माणसे कुठून आणायची? गावाचे स्वतःचेच नुकसान झाले आहे. ज्यांनी धूळवाफ पेरणी केली त्यांचे बी पाण्याखाली कुजते आहे. ज्यांची राहिली त्यांना वाफसा मिळत नाही. कुणाला बोलवायला माझी जीभ उचलेना.

२५ मे, रविवार

सकाळची मिस्सा वसतिगृहाच्या जेवणघरात. संपली तेव्हा बाहेर माणसे उभी होती. मोजली नाहीत, सत्तरेक असावीत. मिस्सेला येणारी वीसेक, बाकी गावची. आबांचा पोरगा पुढे होऊन म्हणाला, "शेतात पाय ठेवता येत न्हाई ब्रदर, घरात बसून काय करायचं? कौलं द्या हातात."

मेस्त्रींनी दोन शिड्या लावल्या, दोन्ही पाख्यांना एक-एक. एका बाजूचे ओझे वाढू द्यायचे नाही म्हणून दोन्हीकडून बरोबरीने, वळचणीपासून वर. जमिनीवरून आढ्यापर्यंत माणसांची ओळ. कौल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. खाली सिस्टर आणि मुले छाप वाचून ओरडत होती, हा गट पूर्वेला, हा पश्चिमेला. शेवाळलेले ओले कौल फार निसटते. सतरा फुटली. एक मुलगा शिडीवरून घसरला, घोटा मुरगळला, हाड शाबूत आहे. त्याला वरच्यांना चहा पाठवायच्या कामावर बसवले.

बायकांनी जेवणघर ताब्यात घेतले. नाचण्याची भाकरी, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी. कुणाच्या घरचे काय हे शेवटी कळले नाही.

दुपारी बाराला मुलाने घंटा वाजवली. मी खाली होतो, वर बघत. मेस्त्रींचा हातोडा थांबला. मग ओळीतले हात थांबले, ज्याच्या हातात जे कौल होते ते तसेच धरून. पाऊस पडत होता. घंटा संपली आणि कौल पुढे सरकले.

संध्याकाळी सहाला पूर्वेचे पाखे आढ्याला टेकले. पश्चिमेच्या वरच्या चार ओळी आणि कोने उरली. बासेलची २१ वेदीवर बसली, एक खाली तडकली होती, ती मी ठेवून घेतली.

२६ मे, सोमवार

चार ओळी पुऱ्या. कोने चुन्यात बसवायची होती, पावसात चुना धरत नाही, सिमेंटमध्ये बसवली. मेस्त्रींना ते आवडले नाही. मलाही नाही. दिवाळीनंतर काढून चुन्यात बसवू.

१ जून, रविवार

सहा दिवस धो धो पाऊस आणि आत एक थेंब नाही. वेदीच्या डाव्या अंगाला मी मुद्दाम कोरडी राख पसरून ठेवली होती, ती तशीच आहे. मूर्ती परत आणल्या.

५ जून, गुरुवार

मिस्सेची भाषा ठरवायला दोन बैठका गेल्या. शेवटी पहिले वाचन कन्नड, दुसरे मराठी, शुभवर्तमान मराठी, गीते कोंकणी, विनंत्या तिन्ही भाषांत. प्रवचन आमच्या संघाचे प्रांतप्रमुख फादर मराठीत करतील, मधे कन्नड. दाराच्या फलकावर कायद्याप्रमाणे साठ टक्के कन्नड, खाली मराठी. या सीमाभागात फलकावरून माणसे तुटलेली मी पाहिली आहेत. म्हणून अक्षरे रंगवायला मी दोघांना बसवले, कन्नड शाळेतला एक मुलगा आणि मराठी शाळेतला एक, आणि एकच ब्रश दिला.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा, म्हणून बायका आज स्वयंपाकाच्या बैठकीला आल्या नाहीत. जेवण सगळ्यांना एकच, शाकाहारी: भात, आमटी, फणसाची भाजी, लोणचे, बेळगावचा कुंदा. सोरपोतेलशिवाय (डुकराच्या मटणाशिवाय) कसला सण, असे आमच्या काही घरांचे म्हणणे पडले. त्यांना सांगितले, ज्यांनी छप्पर चढवले त्यांच्यातली निम्मी माणसे ते खात नाहीत आणि पंगत एकच बसणार.

१२ जून, गुरुवार

रात्री नऊला जेवणघराचे दार लावून बसलो. थोरल्या फादरांनी एकेक नाव मनात वाचून रेघ मारली. ४७. त्यांतली एकवीस आडनावे माझ्या कौलांच्या यादीतही आहेत, हे मला रेघा पडत असताना दिसले. मी ते बोललो नाही.

वही मिटली तेवढ्यात दार वाजले. खालच्या आळीतल्या एक आजी, नातवाचा हात धरून. पदराखाली पिशवी. म्हणाल्या, सासऱ्यांनी मरताना सांगितले होते, मिशनचे दोन पायली भात देणे आहे, साळीला बरा दिवस आला की दे. "बरा दिवस काय आला न्हाई बघा. पण उद्या तुमच्या घराचं पन्नास वर्सं म्हणून आणलं." फादरांनी माझ्याकडे पाहिले. आम्ही नुकतीच ती ओळ खोडली होती. ते उठले, दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि आजींना खुर्ची दिली. नको म्हणता आले असते. मला वाटते घेतले तेच बरोबर.

ते तांदूळ उद्याच्या भातात घातले.

१३ जून, शुक्रवार

लिहायला वेळ नाही. ४१२ पाने वाढली. सिद्दी मुलांच्या आईवडिलांनी हल्याळच्या बाजूहून डमाम, त्यांचे ढोल, आणले होते, मिरवणूक त्यावर आली. पाऊस पूर्ण वेळ. मिस्सेत तो फक्त ऐकू येत होता.

१४ जून, शनिवार

भांडी, ताडपत्र्या, शिड्या ज्यांच्या त्यांना पोचवल्या. आगाऊची परत आलेली रक्कम आणि वर्गणीतून मेस्त्री आणि गवंड्यांचा हिशेब चुकता. उरली कौले ८६, चॅपेलच्या मागे छापांप्रमाणे रचली.

संध्याकाळी आबा आले. त्यांच्या गोठ्याचे एक पाखे परवाच्या वाऱ्यात उडाले आहे. चाळीस कौले मिळतील का, विचारत होते. त्यांच्याच छापाची ३४ निघाली. ट्रॉलीत गवत घालून आम्ही दोघांनी ती भरली.